रिमला रंग कुठे मारायचा, अन् कुठे मारायचाच नाही

या वेळच्या पत्रांमध्ये रिमच रिम आहेत. पावसाळा संपला, गाडी धुवायला काढली, व्हील कॅप उचकटली अन् आत काय होऊन बसलंय ते दिसलं, असं बहुतेकांचं झालेलं दिसतं. अलॉयवाल्यांनी हे पान उलटून टाकलं तरी चालेल, इथे फक्त लोखंडी रिमची गोष्ट आहे (चुंबक चिकटलं की लोखंडी, उगाच डोकं लावू नका).

प्रश्न : भाऊ, वडिलांची १९९८ ची मारुती ८०० आहे माझ्याकडे. इंजिन टकाटक, पण चारही रिम अन् स्टेपनी जंग लागून लाल झाल्या आहेत. टायरवाला म्हणते नवीन घेऊन टाका, डेंटर म्हणते आणा, एका दिवसात सिल्व्हर मारून देतो. मला घरीच करायची हौस आहे. जमेल का? मागच्या एका टायरची हवा पण आठ दिवसांत उतरून जाते, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? — एक वाचक, मानेवाडा

जमेल ना भाऊ, काहून नाही जमणार. डेंटरच्या 'एका दिवसात'चा अर्थ आधी समजून घ्या. तो वरून तारेचा ब्रश फिरवेल, सिल्व्हर मारेल अन् रिम दिवाळीत चकाचक दिसेल. पण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, खाली राहिलेला गंज वाढत जातो अन् रंगाला आतून ढकलतो, म्हणून पुढच्या पावसाळ्यात तिथेच फुगे येतात. वर कितीही भारी रंग मारा, त्याने काही थांबत नाही.

सुरुवात स्टेपनीपासून करा. ती तयार झाली की गाडीला लावायची अन् निघालेलं चाक कामाला घ्यायचं, म्हणजे गाडी आठ-आठ दिवस जॅकवर लटकत राहत नाही. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक लावायच्या आधी, अन् बाकीच्या चाकांना विटा लावून.

रिम हातात आली की लगेच घासायला बसू नका. आधी धुवा, साबणाचं पाणी अन् ब्रश, मागच्या बाजूचा ब्रेकचा काळा चिखल अन् ग्रीस पूर्ण निघेपर्यंत. लोक उलटं करतात, आधी घासतात मग पुसतात, मग ते ग्रीस घासलेल्या चऱ्यांमध्ये जाऊन बसतं अन् प्रायमर धरत नाही. रॉकेलने पुसू नका, मागे तेलकटपणा राहतो. साबणानंतर थिनरचा फडका, तो काळा व्हायचा थांबला की झालं.

आता उन्हात नेऊन नीट पाहा, चष्मा असेल तर लावून पाहा. नटांची जी भोकं आहेत त्यांच्या कडेपासून एखादी बारीक लाल रेघ बाहेर निघालेली दिसते का? मधली ताटली जिथे बाहेरच्या कड्याला वेल्डिंगने जोडलेली असते तिथे रेघ दिसते का? केसासारखी रेघ असेल तरी ती तडा असू शकते, अन् तिच्यातून गंजाचं पाणी बाहेर येतं म्हणून ती लाल दिसते. भोकं लांबट झाली आहेत का, कड वाकली आहे का, हातोडीने हळू ठोकल्यावर पापुद्रे निघून खाली पातळ पत्रा उरतो का, हे पण पाहा. यातलं काहीही असलं तर ती रिम भंगारात. वेल्डिंग मारून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना हात जोडा. अन् टायर चढवलेल्या रिमवर तर वेल्डिंग किंवा गॅसची आग कधीच लावू देऊ नका, आतली हवा अन् रबर तापून टायर बॉम्बसारखा फुटतो, यात माणसं गेलेली आहेत. ८०० ची १२ इंची रिम जुन्या सामानात मिळून जाते, फक्त भोकांचं अंतर अन् मधलं भोक जुळवून घ्या.

हवा उतरण्याचा संबंध आहे. ट्यूबलेस टायर असेल तर टायरची कड रिमच्या ज्या गादीवर दाबून बसते तिथे गंजाचे खवले आले की तिथूनच हवा सुटते. रिमच्या कडेला साबणाचं पाणी सोडा, बारीक बुडबुडे दिसतीलच (वाल्वजवळही सोडा, कधी कधी चोर तिथे असतो). ट्यूबवाला टायर असेल तर हेच खवले आतून ट्यूब घासतात. म्हणजे त्या रिमचा टायर टायरवाल्याकडून मशीनवर काढूनच घ्यावा लागेल. काढलाच आहे तर टायरवरचा चार आकडी कोड वाचून घ्या, पहिले दोन आकडे आठवडा अन् पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर फारच म्हातारा असेल तर रंगवलेल्या रिमवर तो परत चढवण्यात काही मजा नाही. ट्यूबलेसचा रबरी वाल्व पण बदलून घ्या, स्वस्तातलं काम आहे.

घासायचं कसं, तर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून. डोळ्यावर चांगला गॉगल पाहिजे म्हणजे पाहिजेच, त्या ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या येतात. नाकाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, अन् लोंबणारा दुपट्टा-गमछा नको. आता एक गोष्ट कोणी सांगत नाही. तारेचा ब्रश गंजाला पॉलिश करतो. लोखंड चमकायला लागतं, आपल्याला वाटतं साफ झालं, पण नख फिरवून पाहा, बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे-तपकिरी ठिपके तसेच बसलेले असतात. तो गंजच आहे. म्हणून ब्रशनंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. जिथला जुना रंग घट्ट आहे तिथे तो पूर्ण खरवडायची गरज नाही, त्याची कड पेपरने उतरती करून घ्या, बोट फिरवलं तर पायरी लागायला नको.

खड्ड्यांमधल्या ठिपक्यांसाठी दोन रस्ते. एक म्हणजे पेंटच्या दुकानात मिळणारं फॉस्फोरिक ऍसिडवालं रस्ट रिमूव्हर किंवा कन्व्हर्टर, ते गंजाचं फॉस्फेट करतं अन् ती जागा राखाडी-काळी पडते. डब्यावर किती वेळ ठेवायचं अन् धुवायचं का नाही ते लिहिलेलं असतं, तसंच करा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. दुसरा रस्ता घरगुती अन् माझ्या आवडीचा : लिंबूफूल (सायट्रिक ऍसिड), किराणा दुकानातलं. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅमच्या हिशेबाने प्लास्टिकच्या मोठ्या टबमध्ये घोळ करा, १२ इंची रिम टायर काढून त्यात आरामात बुडते, रात्रभर ठेवा. सकाळी गंज मऊ होऊन ब्रशने निघतो अन् खालचं लोखंड राखाडी दिसतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा अन् ताबडतोब वाळवा, नाहीतर पाहता पाहता पिवळसर तांबूस झाक यायला लागते. दोन-तीन दिवस भिजत ठेवू नका, ऍसिड चांगलं लोखंडही खायला लागतं.

ताटली अन् कडं यांच्यामधला सांधा हा रिमचा सगळ्यात वाईट भाग. तिथे पेपर जात नाही, ब्रश जात नाही, पाणी मात्र जातं. कंपनीत अख्खी रिम प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या मदतीने थर चढवतात, म्हणून तो फटीतही पोचतो. आपला स्प्रे तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून धुतल्यावर पंक्चरवाल्याकडे नेऊन त्या फटीत गोल फिरवत हवा मारून घ्या, मग कडक उन्हात उभी-आडवी करून ठेवा, अन् प्रायमर मारताना पहिला हात त्या सांध्यात बारीक ब्रशने भरा, नंतर स्प्रे. हे टाळलं तर नव्या सिल्व्हरवर सांध्यातून तांबडे ओघळ येतात अन् सगळी मेहनत पाण्यात.

प्रायमर मारायच्या आधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नट जिथे टेकतो तो भोकाभोवतीचा उतार, अन् रिमची मागची सपाट बाजू जी ड्रमवर किंवा हबवर बसते, या दोन जागी रंगाचा जाड थर नको. नट कसला की तो रंग दाबला जातो, गाडी चालली की चुरून निघतो, मधे जागा होते अन् कसलेला नट ढिला पडतो. रिम सुंदर दिसून राहिली अन् चाक डगमगून राहिलं, असला कारभार होतो. तिथे प्रायमरचा एक पातळ हात पुरे, नंतर मागच्या बाजूला टेप लावा. नटांच्या भोकांसाठी पोरांच्या मोठ्या कंचे-गोट्या घ्या, रिम आडवी ठेवली की गोटी त्या उतारावर अशी फिट बसते की टेपचं कटकटीचं कामच नाही.

ज्या रिमची हवा उतरत नाही तिचा टायर न काढता बाहेरून रंगवायचं असेल तर हवा कमी करून टायर अन् रिमच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका खोचत जा, गोल, एकावर एक थोडी चढवून. पत्रिकांचा कागद जाड असतो, वाकत नाही, अन् घरोघरी गठ्ठा पडलेला असतोच.

प्रायमर कोणता? एपॉक्सी मिळाला तर उत्तम, नाहीतर झिंक फॉस्फेटवाला. रेड ऑक्साइड खिडकीच्या ग्रीलसाठी ठीक आहे, पण त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोजचा, झटपट वाळणारा) रंग मारला तर एनसीचा थिनर फार तेज असल्यामुळे खालचा थर सुरकुततो. सिंथेटिक एनॅमलवर एनसी मारलं तरी तेच. इतवारीच्या बाजारातून आणा का कोपऱ्यावरच्या दुकानातून, प्रायमर, रंग अन् क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) एकाच जातीचे घ्या, दुकानदाराला स्पष्ट विचारून. पीयू (पॉलियुरेथेन) रंग सगळ्यात टिकाऊ, पण त्यात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला फार वाईट अन् साध्या कापडी मास्कने अडत नाही, ते काम बूथवाल्या पेंटरलाच द्या. घरी ऍक्रिलिकचे स्प्रे कॅन बरे. कॅन दोन-तीन मिनिटं खडखडवा, वीतभर लांबून मारा, हात थांबू देऊ नका. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. प्रायमरचे दोन, रंगाचे तीन, क्लिअरचे दोन, एवढं पुरतं. ओघळ आला तर लगेच पुसू नका, वाळू द्या, मग ४०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा.

अन् नागपूरचं हवामान पाहून काम काढा. मे महिन्यात ४५ डिग्रीत अंगणातली रिम हात लावता येणार नाही इतकी तापते, रंग तिच्यावर पडायच्या आधीच वाळतो अन् पृष्ठभाग खरखरीत होतो. ऑगस्टच्या दमट हवेत एनसी रंगावर पांढरट झाक येते. आत्ताचे दिवस सगळ्यात चांगले, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. फक्त थंडीत सकाळी सात वाजता उत्साहाने सुरू होऊ नका, रात्री बाहेर राहिलेल्या रिमवर दव असतं. दहा-साडेदहा वाजू द्या, काम तीन वाजेपर्यंत आटपा.

रंग हाताला अर्ध्या तासात कोरडा लागेल पण आत कच्चाच असतो. आठवडाभर ठेवा, मग टायर चढवा, बॅलन्सिंग करा, गाडीला लावा. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढून तिथे ग्रीसचा अगदी बारीक हात दिला तर रिम पुढच्या वेळी चिकटून बसत नाही, पण स्टडवर (नट ज्याच्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) अन् नटावर तेल-ग्रीस नको, नट गरजेपेक्षा जास्त कसला जातो. नट समोरासमोरचे कसायचे, गोल गोल नाही. ५०-१०० किलोमीटर झाले की पाना घेऊन परत एकदा तपासा, नवीन रंगावर हे टाळायचं नाही.

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात आमची गाडी अंबाझरी लेआउटमध्ये रात्रभर पाण्यात होती. तेव्हा इंजिन, सीट, वायरिंग सगळं करून घेतलं. आता रिमच्या रंगावर फोडांसारखे फुगे येऊन राहिले आहेत. फोडून टचअप केलं तर चालेल का? — एक वाचक, अंबाझरी

नाही चालणार काका. फुगा दिसतो त्यापेक्षा खालचा गंज जास्त पसरलेला असतो. एक फोडून पाहा, रंगाची कड नखाने उचला, सहज उठत जाईल. जिथे उठायचं थांबेल तिथपर्यंत तरी लोखंड उघडं करावं लागेल, अन् एवढं करायचंच तर पूर्ण रिमच काढा, रीत वर दिलीच आहे. त्या पुराच्या पाण्यात गाळ होता, तो सांध्याच्या फटीत अन् व्हील कॅपच्या मागे जाऊन बसला अन् ओल धरून राहिला, म्हणून हे इतक्या उशिरा दिसतंय.

पण माझा सल्ला विचाराल तर रिमचा रंग नंतर. चाकं निघालीच आहेत तर आधी मेकॅनिककडून मागचे ब्रेक ड्रम उघडून घ्या, हँडब्रेकची केबल पाहा, चाक हाताने फिरवून बेअरिंगचा घरघर आवाज येतो का ते ऐका. अन् डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचला, तिथे अजूनही गाळाचा थर निघू शकतो. तळाला रबरी बूच असतं, ते काढून धुवा, वाळवा, परत लावा. स्टेपनी वर्षानुवर्षं तशीच पडून असते म्हणून तिचा गंज कोणाला दिसत नाही, अन् दिसतो तो नेमका रात्री वर्धा रोडवर पंक्चर झाल्यावर.

प्रश्न : मी धरमपेठेत फ्लॅटमध्ये राहते, अंगण नाही, ग्राइंडर चालवला तर सोसायटी घरी येईल. गाडी आठ वर्षांची, लोखंडी रिमवर प्लास्टिकच्या कॅप आहेत. पावडर कोटिंग करून घ्यावं का? काय सांगून काम द्यायचं? — एक वाचक, धरमपेठ

ताई, तुमच्यासाठी पावडर कोटिंगच बरं. बाल्कनीत स्प्रे मारायचा विचारही करू नका, शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर सिल्व्हर बसलं की रिम राहील बाजूला. हिंगणा एमआयडीसीकडे हे काम करणारे आहेत. यात रंगाची कोरडी पावडर विजेच्या भारावर रिमला चिकटवतात अन् साधारण १८० ते २०० डिग्रीच्या भट्टीत वितळवून पक्की करतात, म्हणून टायर, वाल्व अन् बॅलन्सिंगची वजनं सगळी आधी काढावी लागतात. थर जाड अन् दणकट असतो, खडी उडून सहज निघत नाही.

आता काम देताना काय बोलायचं. पहिलं, "आधी सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळू मारून गंज काढणं) करणार का?" नाही म्हणाले, किंवा "ऍसिडमधून काढून देतो की" म्हणाले, तर दुसरीकडे जा. गंजावर भाजलेली पावडर पण उचलतेच, अन् उचलली की पापुद्र्यासारखी मोठ्ठी निघते. दुसरं, नटांचे उतार अन् मागची सपाट बाजू झाकून मगच पावडर मारा, हे तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या, कारण तिथे ग्रीलं अन् खुर्च्या रंगवणारी मंडळी असतात, त्यांना सगळीकडे सारखा रंग दिला की काम चांगलं झालं असं वाटतं. पावडरचा थर साध्या रंगापेक्षा जाड, म्हणून इथे नट ढिला पडायचा धोकाही जास्त. रिम परत आल्या की पैसे द्यायच्या आधी हेच दोन भाग पाहायचे, चमक नंतर.

आणि त्या कॅप. त्या वाईट नाहीत, पण त्यांच्या मागे चिखल साचतो अन् ओला राहतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा गाडी धुणाऱ्या पोराला कॅप काढून आतून पाण्याचा फवारा मारायला सांगा. नाराज होईल, पण सांगा.

प्रश्न : बाथरूमच्या फरशा साफ करायचं ऍसिड ओतलं की गंज दोन मिनिटांत निघते, मग एवढी घासाघीस कशाला? — एक वाचक, जरीपटका

निघतो ना भाऊ, खरं आहे. ते हायड्रोक्लोरिक ऍसिड, गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं, अन् जे सांध्याच्या फटीत शिरलं ते धुतलं तरी पूर्ण निघत नाही. वरून क्लोराइडचा अंश राहिला की रंगाखाली गंज परत, अन् आधीपेक्षा जोरात. त्याची वाफ शेडमधल्या बाकी लोखंडी सामानाला, पाने-पक्कडींनाही गंज चढवते, अन् आपल्या छातीला बसते ते वेगळंच. ते बाथरूमलाच राहू द्या.

प्रश्न : बजाज चेतकच्या रिमपण अशाच रंगवता येतात का? घरी उघडायला बसलो होतो, आई म्हणाली आधी विचार. — एक वाचक, कामठी

आईला नमस्कार सांगा. जुन्या पेट्रोलवाल्या चेतकची १० इंची रिम दोन अर्ध्या ताटल्यांची असते, नट-बोल्टने एकमेकींना जोडलेल्या, मधे ट्यूब. म्हणजे चाकात दोन प्रकारचे नट आहेत, एक चाक ड्रमला धरणारे, दुसरे दोन अर्ध्या एकत्र धरणारे. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट खोलले तर शेवटच्या नटाला दोन्ही अर्ध्या फटकन उघडतात अन् तोंडावर किंवा हातावर येतात. म्हणून वाल्वची पिन काढून पूर्ण हवा सोडायची, टायर दाबून पाहायचा, मगच पाना लावायचा. आधी फक्त ड्रमचे नट काढून चाक बाहेर घ्या, उघडाउघडी नंतर.

उघडल्यावर मात्र काम गाडीच्या रिमपेक्षा सोपं, दोन्ही अर्ध्या आतून-बाहेरून पूर्ण हाताला येतात. आतली बाजू नीट घासा, ट्यूब तिथेच घासते, खवला राहायला नको. दोन अर्ध्या जिथे एकमेकींवर बसतात त्या कडेला फक्त पातळ प्रायमर. जोडताना ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरून घ्या म्हणजे ती मधे चिमटत नाही, दोन्ही अर्ध्या बोटांनी चाचपत बंद करा, नट समोरासमोरचे थोडे थोडे कसत जा, अन् सगळे पक्के झाल्यावरच पूर्ण हवा भरा.